दीड इंचाची शिडी

खंडेनवमीच्या सकाळी आजोबांची रायफल पुसायला घेतली. खाली नेहमीप्रमाणे जुना पेपर पसरला होता. नळीवरचं नेमाचं पान उचललं तशी त्याखालची पट्टी निसटली, ते माझ्या लक्षातच आलं नाही. पूजेच्या घाईत मी तो पेपर अंगणात झटकला. संध्याकाळी बाबांनी रायफल हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "शिडी कुठाय?"

शिडी हा आमच्या घरातला शब्द. दीडेक इंच लांबीची पातळ पोलादी पट्टी, तिच्या एका कडेला पायऱ्या कापलेल्या. नेम धरायच्या खाचेचं पान या पायऱ्यांवर टेकतं. लांबचा नेम असला की शिडी सरकवून पान एक पायरी वर घ्यायचं, जवळचा असला की खाली. शिडीच नसेल तर पान नळीवर आडवं होतं आणि गोळी नेमाच्या खाली जाते. स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून मी तीन दिवस अंगणभर ओढलं. खिळे निघाले, सेफ्टी पिना निघाल्या, कुठल्या तरी ट्रंकेची किल्लीही निघाली. शिडी निघाली नाही.

रायफल विंचेस्टर १८९५, ४०५ बोअरची. जॉन ब्राउनिंगनं आखलेल्या या बनावटीच्या चार लाखांवर रायफली निघाल्या, पण त्यातल्या बहुसंख्य पहिल्या महायुद्धात रशियाच्या झारच्या फौजेकडे गेल्या. ४०५चं जाडं काडतूस १९०४ साली आलं. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत हीच घेऊन गेला होता. आमच्याकडची आजोबांनी एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरकडून घेतलेली. काडतुसं कधीच संपली, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारही संपली. आता ती वर्षातून एकदा हळदकुंकू लावून घेते आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा होते. तरी बाबांना ती अख्खी हवी होती.

शिडी शोधायला बेंगळुरू सुचलं ते केनेथ अँडरसनमुळे. नरभक्षक वाघांच्या गोष्टी लिहिणारा हा शिकारी बेंगळुरूचाच. विमान कारखान्यात नोकरी, घर तेव्हाच्या सिडनी रोडवर, आणि हातात हीच ४०५ विंचेस्टर. जिथे तो राहिला तिथे एखादा सुटा भाग पडलेला असेलच, असं मी धरून चाललो. याला तर्क म्हणत नाहीत, हे मलाही कळत होतं.

संध्याकाळी बेळगावला राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलो. रात्री झोप लागेना. ही गाडी अँडरसनच्या पुस्तकातूनच धावते म्हणा ना. चिकजाजूर गेलं, होसदुर्ग रोड गेलं. होसदुर्ग-होळलकेरेच्या नरभक्षकाचा मुलूख हाच. खिडकीबाहेर एक पिवळा दिवा आणि चहाची किटली घेतलेला पोरगा, बाकी काळोख. तुमकुरूनंतर उजाडू लागलं. डावीकडे देवरायनदुर्गाच्या बाजूचे डोंगर म्हणून मी जे बघत बसलो, ते शेजारच्या काकांच्या मते भलतेच कुठले तरी होते.

बेंगळुरूत बंदुकांच्या पहिल्या दुकानात काचेआड बारा बोअरच्या बंदुका आणि ३१५च्या रायफली उभ्या होत्या. मोबाइलवरचे फोटो बघून तरुण मालक म्हणाला, "सर, स्कोप लावून टाका." या रायफलीचं रिकामं काडतूस वरच्या बाजूनं उडतं, दुर्बीण बसवली तर ते तिच्यावरच आपटेल. हे सांगितल्यावर त्याचा रस संपला. कस्तुरबा रोड, म्हणजे पूर्वीची सिडनी रोड, तिथेही जाऊन आलो. काय शोधत होतो कोण जाणे. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "कुठे थांबवू?"

दुपारी पीण्यात गेलो. शेजारचं जालहळ्ळी अँडरसनच्या काळी इतकं रान होतं की तिथल्या बिबट्यावर त्यानं गोष्ट लिहिली. पुढे तिथेच एचएमटीचा कारखाना आला. कॉलेजातला माझा एक मित्र पीण्यात वायरकट मशीन चालवतो. चहा मागवून त्यानं शिडीचं माप बघितलं.

"दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "पण मी करणार नाही."

"का रे?"

"१९५९चा शस्त्र कायदा वाचलायस? शस्त्राचा भाग म्हणजेसुद्धा शस्त्र. बनवायला परवाना लागतो. इथे मी विमानाचे भाग कापतो, पण तुझी ही पट्टी नको बाबा."

मला राग आला, पण चूक त्याची नव्हती.

शेवटी शिवाजीनगरच्या एका बोळात दुरुस्तीचा परवाना असलेले म्हातारे मिस्त्री भेटले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "मक्खी है ना? सिर्फ सीढ़ी गुमी?" मक्खी म्हणजे नळीच्या टोकाचा नेमाचा दाणा, तो जागेवर होता. पण त्यांच्याही तोंडी शिडीच! मी हरखलोच. पण रायफल आणि परवाना समोर आल्याशिवाय, रजिस्टरात नोंद केल्याशिवाय कानस उचलणार नाही, म्हणाले. रायफल तर बेळगावला, कपाटात.

माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. "पुराना एटीएम कार्ड है?" पाकिटात मुदत संपलेलं एक होतं. त्यांनी त्याची बोटाएवढी पट्टी कापली, व्हर्नियर लावला, आणि बारीक कानशीनं पायऱ्या पाडल्या. प्लॅस्टिकचा पांढरा भुगा त्यांच्या काळ्या अंगठ्यावर जमला. फुंकर मारून त्यांनी पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. तिसऱ्या पायरीजवळ माझ्या नावातला 'आर' अर्धा कापला गेला होता. पैसे घेतले नाहीत. "ये हथियार नै, खिलौना है. असली चाहिए तो रायफल लेको आना."

परत आल्यावर ती पट्टी पानाखाली सरकवली. पान उभं राहिलं. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले, दस्ता खांद्याला लावला आणि परसातल्या माडावर नेम धरला. हात थरथरत होते, नळी नारळांवरून झावळ्यांत आणि झावळ्यांतून परत नारळांवर जात होती.

"काय रे हे," डोळा न काढता ते म्हणाले, "एक पायरी खाली घे की. एवढ्या जवळ कोण वर धरतं?"