उकाईखालची तापी

खोल जलाशयात सूर्याने तापलेले हलके पाणी वर राहते आणि गार, जड पाणी तळाशी साचते. म्हणून धरणाच्या तळातून पाणी सोडले की खालचा नदीपट्टा भर उन्हाळ्यातही थंड वाहतो. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात बुल शोल्स धरणाखालच्या व्हाइट नदीत याच गारव्यावर ट्राउट हा थंड पाण्याचा मासा जगतो, आणि पिसे व दोरा गुंडाळून केलेल्या कृत्रिम कीटकाचा गळ टाकणारे हौशी लोक तेथे जूनमध्येही उतरतात. मात्र मूळच्या उबदार पाण्यातील माशांना तो गारवा सोसला नाही, ही त्या सुखाची मोठी किंमत होय.

सुरतेच्या वरच्या अंगाला १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाखाली तापीलाही सोडलेल्या पाण्याचा पट्टा लाभला, तरी ट्राउट येथला नव्हे, कारण पाणी सुमारे २० अंश सेल्सियसच्या वर गेले की विरघळलेला प्राणवायू घटतो आणि तो मासा थकतो. येथे चिंता हवी ती पाल्याची, म्हणजे समुद्रातून पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत चढणाऱ्या हिलशाची. मुलताईहून निघून खान्देश ओलांडत येणाऱ्या तापीवर उकाईखाली काकरापारचा बंधारा आहे, सुरतेजवळ सिंगणपोरचा आहे, आणि अशा आडव्या भिंतींनी माशाची चढण रोखली जाते. सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण यांचे मोल निर्विवाद आहे. परंतु पाणी सोडण्याचे वेळापत्रक आखताना सुरतेने माशांच्या वाटेचाही हिशेब धरावा.