जादा प्लग आणि वडिलांचा स्वेटर

१९८६ साली येझदी रोडकिंगवर पुण्याहून आंबोलीमार्गे गोवा गाठायचा, तर आधी गॅरेजात उमेदवारी करावी लागे. साडेचारशे किलोमीटरांचा पल्ला, टू-स्ट्रोकचं अडीचशे सीसी इंजिन, आणि निपाणीच्या पुढे रात्री ते बसलं तर धावून येणार कोण? म्हणून प्लग काढून पॉलिश पेपरने काजळी घासणं, पॉइंटची फट मापणं, चाक खोलून ट्यूबला ठिगळ लावणं, सगळं मिस्त्री आमच्याच हातून करून घेई. शिव्याही घाले. क्लचची जादा वायर त्याने जुन्या वायरीच्या शेजारून आधीच ओवून टेपने बांधून दिली. वाटेत तुटलीच तर नुसती टोकं बदलायची. इतकी डोकेबाज तरतूद मी पुढे क्वचितच पाहिली. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचा डबा आणि कपड्यांची पिशवी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅरिअरला आवळली की गाडी सज्ज.

आणि स्वार? अंगात वडिलांचा स्वेटर, वारा अडवायला त्याच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी, पायात चपला. हेल्मेट कुणाकडून तरी मागून आणलेलं, तेही बहुतेक वेळ हँडलला लटकलेलं. गाडीला जादा प्लग होता. जादा गुडघा कुणालाच नव्हता, पण तो विचार घरात कुणाच्या मनालाही शिवला नाही.

रोडकिंग बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आलं आणि त्यातली रोडस्टर पुतण्याने घेतली. ३३४ सीसी, फ्युएल इंजेक्शन, एबीएस, ट्यूबलेस टायर. किक नाहीच. आमच्या गाडीचा गिअरचा दांडा आत दाबून उभा केला की त्याचीच किक व्हायची, हे त्याला सांगितलं तर काका थापा मारतोय असं वाटलं त्याला.

आता तोही गोव्याला निघालाय, पहिल्यांदाच. त्याची तयारी कोपर-खांद्यांना पॅड असलेलं जॅकेट, गुडघ्यांची कवचं, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट अशी चाललीय. गाडीचं फक्त सर्व्हिसिंग. पॉइंट नाही, कार्ब्युरेटर नाही, घासायचं काय? इंजिनचा दिवा पेटलाच तर रस्त्याकडेचा मिस्त्रीही स्कॅनर नसेल तर हात वर करणार. मला याची हळहळ वाटते, पण जॅकेट पाहून ती निम्मी होते. हाडं त्याची आहेत, आणि ती आमच्यापेक्षा शहाणपणाने बांधलेली आहेत.

फक्त त्याच्या यादीत चेनचं ल्यूब नव्हतं. आमची चेन पत्र्याच्या पेटीत बंद असे, तिला धूळ-पावसाची झळ कमीच. त्याची उघडी आहे; दर पाचशे किलोमीटरांच्या आसपास तिला ल्यूब लागतं, म्हणजे गोव्यात पोचल्या पोचल्याच. ते मी समोर बसून लिहायला लावलं. जुना टूथब्रशही घे म्हटलं, चेन आधी घासावी लागते. तो म्हणाला, "काका, ब्रश ऑनलाइन मिळतो." मागवलाही.