दांडीच्या कुशीतून

जयपूरहून टोंक रोडनं निघालं की सांगानेरच्या अलीकडेपलीकडे राजस्थान आवासन मंडळानं वसवलेलं प्रताप नगर पसरलेलं दिसतं. सेक्टरमागून सेक्टर, भिंतीला भिंत लागून उभी घरं. आमच्या भाड्याच्या घराला दगडी पट्ट्यांचं छत आहे. लांबच्या लांब जाड फरश्या, कडेला कड भिडवून बसवलेल्या. पाऊसवारा ते बिनबोभाट झेलतं, वायफायच्या लहरीला मात्र ते पार करणं जड जातं.

अशा घरात राउटर बसतो तो वायर आत शिरते तिथे. वायर ओढणारा मुलगा दारावरच्या भोकाखाली खिळा ठोकतो, दिवा हिरवा झाला की पुढच्या घरी जातो. त्यात त्याचं काही चुकत नाही, पण आई बसते मागच्या खोलीत आणि तिची नात पुण्यात. मध्ये लोखंडी कपाट, कपाटाच्या दारावर पुरुषभर उंचीचा आरसा. आरशाच्या पाठीवर धातूचा पातळ थर असतो. लहर तिथून मागे फिरते. नातीचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटतो, ओठ अर्धवट उघडे राहतात, आणि आई आवाज चढवते. त्या क्षणी मला वाटतं, या डब्याची जागा वायरीनं का ठरवावी? घरात राहणाऱ्यांनी ठरवायला हवी.

2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, 5 गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी निभावते. दुसरी वेगात सरस, पण दगडविटांत लवकर दमते. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंच फळीवर, उघड्यावर असावा. टीव्हीमागे किंवा कपाटात तर नकोच.

मला खरी भुरळ पडते ती अँटेनाच्या दांडीची. जिथे सिग्नल हवा त्या खोलीकडे बहुतेक घरांत तिचं टोक वळवलेलं असतं. बोट दाखवायची आपली सवयच ती. पण टोकाच्या दिशेला लहर सगळ्यात क्षीण असते. ती निघते दांडीच्या कुशीतून, चहूबाजूंना. भोकात काडी खोवलेला मेदूवडा डोळ्यांपुढे आणा. दांडी उभी असेल तर वडा आडवा, म्हणजे सारा मजला त्याच्या घेरात. वर गच्चीवरच्या खोलीत मुलं अभ्यासाला बसत असतील तर दोनपैकी एक दांडी आडवी करावी, म्हणजे तिचा घेर वरखाली जातो. पट्ट्यांच्या छतापुढे हाही उपाय थोडा तोकडा पडतो, जिन्याच्या मोकळ्या वाटेनं मात्र लहर वर पोचते.

जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यांतल्या 14 मधोमध आणि 16 तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. शहरांच्या रेडिओ-गोंगाटापासून लांब, डोंगरांच्या आडोशाची जागा त्यासाठी मुद्दाम निवडली. दूरच्या आकाशगंगेची क्षीण हाक ऐकायची तर आधी कुठे उभं राहायचं ते बघावं लागतं. नातीची हाक मला तेवढीच मोलाची वाटते.

आता आमचा राउटर जिन्याजवळच्या फळीवर आहे, एक दांडी उभी, एक आडवी. उन्हाळ्यात चाकांवरचा कूलर बाहेर निघेल. त्याची पाण्यानं भरलेली टाकी लहरी शोषून घेते, तेव्हा तो आईच्या खाटेच्या पलीकडच्या अंगाला ठेवायचा, एवढं ठरलंय.