पाच सामने मागे

२०२५च्या जुलैत ऑल-स्टार सामन्यासाठी बेसबॉलचा हंगाम थोडे दिवस थांबला, तेव्हा अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात ह्यूस्टन ॲस्ट्रोज ५६ सामने जिंकून ४० हरले होते. आमचे सिएटल मरिनर्स ५१ जिंकून ४५ हरले होते. म्हणजे आम्ही पाच सामने मागे, आणि ६६ सामने शिल्लक.

ही फार अवघड जागा आहे. पंधरा सामने मागे पडलेल्या संघाचा चाहता एका अर्थी मोकळा असतो. तो पुढच्या वर्षी वर येणाऱ्या पोरांबद्दल बोलायला लागतो. दहा सामने पुढे असलेला निर्धास्त झोपतो. २०२४च्या जूनमध्ये आम्ही तसे झोपलो होतो. महिन्याभरात ती दहा सामन्यांची आघाडी संपली आणि शेवटी एका विजयाने प्लेऑफ हुकले. पाच सामने मागे असलेल्याला मात्र आशा सोडताही येत नाही आणि तिच्यावर भारही टाकता येत नाही. वर्षानुवर्षं हा खेळ पाहून माझं मत असं झालं आहे की, आशा या शब्दाला काही वजन असेल, तर ते याच जागी आहे.

मी सिएटलजवळ रेडमंडला राहतो. घर कोल्हापूरचं. तिकडे जुलैत पंचगंगेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढत असतं, आणि इकडे पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या सिएटलमध्ये जुलै कोरडा, लख्ख असतो. रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. टी-मोबाइल पार्कचं सरकतं छप्पर उघडं असतं, शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या गाडीचा भोंगा मधूनच सामन्यात घुसतो. बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला येतात. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. त्यांनी एक वही केली आहे आणि रोज रात्री तीत मरिनर्सचा निकाल लिहून ठेवतात. सुरुवातीला त्यांना या खेळाचा पसाराच पटत नव्हता.

"अरे, शंभर सामने होत आले आणि अजून कोण पुढे जाणार ते ठरलं नाही?"

"बाबा, एकूण १६२ असतात."

"आणि पहिला येणारा किती हरतो?"

"साठेक तरी हरतोच."

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. साठ वेळा हरून पहिला येण्याची कल्पना क्रिकेटवर वाढलेल्या माणसाच्या गळी सहज उतरत नाही. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज सामना. आज हरलात तर उद्या संध्याकाळी पुन्हा मैदानात. तीस संघांपैकी बारा पुढे जातात: प्रत्येक लीगमधले तीन विभागांचे विजेते आणि त्यांच्या मागोमाग वाइल्ड कार्डवाले तीन. एका सामन्याचं मोल इथे इतकं थोडं आहे की ते जाणवतही नाही, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तोच एक सामना कमी पडतो.

त्या दिवशी वही मिटताना बाबा जे म्हणाले ते माझ्या मनात राहिलं. "आमच्याकडे मार्चला फक्त ताळेबंद जुळवायचा. खरा कस लागायचा तो सप्टेंबरच्या अर्धवार्षिक हिशेबाला. कुठलं खातं सांभाळून घ्यायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, ते तेव्हा ठरायचं." बेसबॉलमध्ये तो दिवस जुलैअखेरीच्या सुमारास येतो. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत तेव्हा संपते. त्याआधी प्रत्येक संघाच्या कार्यालयाला ठरवावं लागतं की आपण यंदा विकत घेणार की विकणार. हाताशी असलेले तरुण देऊन आजचा खेळाडू आणायचा, की आजचा खेळाडू देऊन उद्याचे तरुण घ्यायचे? चाहत्याने काय वाटून घ्यायचं हा त्याचा प्रश्न. पण या मुदतीपर्यंत संघालाही आपली आशा खरी आहे की नाही, हे कृतीने सांगावं लागतं.

मरिनर्सचा इतिहास पाहिला तर जुलैचा तक्ता किती कमी सांगतो हे कळतं. २००१ साली ऑल-स्टारच्या वेळी हा संघ ६३-२४ असा होता. इचिरो सुझुकीचं ते अमेरिकेतलं पहिलं वर्ष. शेवटी ११६ विजय, १९०६च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी. आणि लीगच्या अंतिम फेरीत यांकीजकडून १-४ अशी हार. त्यानंतर २०२२पर्यंत, तब्बल २१ वर्षं, प्लेऑफचं तोंड दिसलं नाही.

उलट १९९५. केन ग्रिफी ज्युनियर मे महिन्यात भिंतीवर आदळून मनगट मोडून घेतो. ऑगस्टच्या सुरुवातीला संघ कॅलिफोर्निया एंजल्सच्या १३ सामने मागे. संघ शहर सोडून जाण्याची भाषा चालू. सप्टेंबरमध्ये नव्या मैदानासाठीचा कर किंग काउंटीच्या मतदारांनी थोडक्या मतांनी फेटाळला, आणि नेमक्या त्याच दिवसांत हे लोक जिंकत सुटले. एंजल्सना गाठलं, बरोबरी झाली म्हणून २ ऑक्टोबरला एक जादा सामना खेळवावा लागला, तो रँडी जॉन्सनच्या पिचिंगवर ९-१ असा जिंकला. मग यांकीजविरुद्ध पहिले दोन हरून पुढचे तीन जिंकले. शेवटचा ११व्या इनिंगमध्ये, एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर ग्रिफी पहिल्या बेसपासून धावत घरी आला. पुढच्या फेरीत क्लीव्हलंडने हरवलं. पण तोवर राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात मैदानाच्या पैशांची तरतूद केली होती. १५ जुलै १९९९ला ते मैदान उघडलं. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ १९७७पासून, म्हणजे संघ जन्मला तेव्हापासून, सामने बघत आले आहेत. ते तिथल्या कठड्यावर हात ठेवून म्हणतात, हे काँक्रीट त्या ऑगस्ट-सप्टेंबरचं आहे. मला ते अक्षरशः खरं वाटतं.

आता रोज सकाळी संकेतस्थळांवर प्रत्येक संघाची प्लेऑफची शक्यता टक्क्यांत छापून येते. मी ती पाहतो, आणि हसण्यावारी नेत नाही. ती गणितं हुशार माणसांनी केलेली असतात आणि आतापर्यंत जे घडलं त्याचा हिशेब त्यांत चोख असतो. पण संघ त्या मुदतीपर्यंत काय करणार हे त्या टक्क्यांना ठाऊक नसतं, आणि माझा सगळा जीव त्यातच गुंतलेला असतो.

कारण २०२३ मला विसरता येत नाही. त्या वर्षी ३१ जुलैला मरिनर्सनी पॉल सीवाल्डला ॲरिझोनाला दिलं. सीवाल्ड म्हणजे सामना संपवायला येणारा पिचर. शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखायची ती त्याने. बदल्यात तीन खेळाडू आले. कार्यालयाचा हिशेब अगदी चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, कारण त्या तिघांतला डॉमिनिक कॅनझोन पुढे दोन वर्षांनी उपयोगी पडलाच. पण मैदानावरच्या खेळाडूंनी त्या ऑगस्टमध्ये काय केलं? २७ पैकी २१ सामने जिंकले. संघाच्या इतिहासातला तो सर्वाधिक विजयांचा महिना. ज्यांच्याबद्दल कार्यालयाने हात आखडता घेतला होता, त्यांनीच विभागात पहिला नंबर गाठून दाखवला. मग सप्टेंबर आला. शेवटचं वाइल्ड कार्ड टोरंटोने ८९ विजयांवर नेलं. आमचे ८८. त्या एका सामन्याचा दोष एका सौद्यावर टाकता येणार नाही, १६२ सामन्यांत तो कुठेही गेला असेल. तरीही ड्रेसिंग रूममधला भरवशाचा माणूस लढाईच्या मध्यावर उचलून दिला जातो, तेव्हा मागे राहिलेल्यांना काय सांगितलं जातं याचा विचार करणं कुणाच्या तरी कामाचा भाग असायला हवा.

म्हणून २०२५चा जुलै मी श्वास रोखून काढला. हातात काय होतं? कॅल रॅली. कॅचर, म्हणजे रोज उकिडवं बसून दीडशे-दीडशे पिच झेलणारा माणूस, आणि त्याने ऑल-स्टारपर्यंत ३८ होम रन मारले होते. कॅचरकडून असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. ॲटलांटात होम रनची स्पर्धाही त्यानेच जिंकली. ती जिंकणारा तो पहिला कॅचर. हुलिओ रोड्रिगेझने ऑल-स्टारचा मान नाकारून विश्रांती घेतली. दरवर्षी उन्हाळा तापला की त्याची बॅट जागी होते, त्यामुळे ती विश्रांती मला गुंतवणूक वाटली. पिचर हे या संघाचं खरं धन, पण लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, ब्राइस मिलर तिघेही वसंतापासून दुखापतींनी आत-बाहेर करत होते. आणि पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर फटक्यांचा दुष्काळ. बाबांनीसुद्धा वहीत लिहून ठेवलं होतं: दोन माणसं हवीत.

२४ जुलैला पहिल्या बेससाठी जॉश नेलर आला. महिना संपता संपता तिसऱ्या बेससाठी युहेनियो सुआरेझ. हा सुआरेझ २०२२-२३ मध्ये इथेच खेळायचा, अख्ख्या शहराचा लाडका. २०२३च्या हिवाळ्यात याच संघाने त्याला ॲरिझोनाला धाडलं होतं. आता तिथूनच परत आणला. दोघांसाठी मिळून पाच तरुण खेळाडू द्यावे लागले. त्या पाचांतला एखादा उद्या मोठा होईल, आणि तेव्हा आम्हाला हळहळ वाटेल. ती वाटायलाच हवी. काहीही न गमावता दाखवलेल्या विश्वासाला मी विश्वास मानत नाही.

सुआरेझची बॅट त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फारशी चालली नाही. नेलर मात्र अंगाने जाडजूड, धावण्यात संथ म्हणून ओळखला जाणारा; त्याने इथे आल्यावर १९ बेस चोरले आणि एकदाही पकडला गेला नाही. वेग नव्हता, पण पिचरच्या हालचाली तो इतक्या बारकाईने वाचायचा की वेगाची गरजच पडली नाही. उरलेल्या ६६ पैकी ३९ सामने आम्ही जिंकले. सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला जाऊन त्यांच्याच मैदानावर तिन्ही सामने जिंकले. २४ सप्टेंबरच्या रात्री रॅलीने ६०वा होम रन मारला आणि २००१नंतर पहिल्यांदा विभाग आमचा झाला. बाबा तोवर कोल्हापूरला परतले होते. फोनवर म्हणाले, "वही इकडे आणलीय. लिहिलं."

जुलैत आमच्या पाच सामने पुढे असलेल्या ॲस्ट्रोजचं पुढे काय झालं? ८७ विजय, डेट्रॉइटशी बरोबरी, आणि नियमाने प्लेऑफ डेट्रॉइटला, ह्यूस्टन घरी. त्या डेट्रॉइटची तरी काय गत? जुलैत ते क्लीव्हलंडच्या साडेपंधरा सामने पुढे होते आणि विभाग शेवटी क्लीव्हलंडने नेला. तक्त्यावर विसंबून ज्यांनी त्या जुलैत आशा सोडली असेल, त्या क्लीव्हलंडकरांचं मला वाईट वाटतं. संघाच्या इतिहासातले सर्वांत सुंदर दोन महिने त्यांनी मन लावून पाहिलेच नसतील.

ऑक्टोबरमध्ये आम्ही डेट्रॉइटला १५ इनिंगच्या सामन्यात ३-२ असं हरवलं. लीगच्या अंतिम फेरीत टोरंटोविरुद्ध पाचव्या सामन्यात आठव्या इनिंगला, सगळे बेस भरलेले असताना, सुआरेझने चेंडू कुंपणापार भिरकावला. ऑगस्टपासून फारशी न चाललेली बॅट. मी मैदानात नव्हतो, घरी टीव्हीसमोर उभा होतो आणि बराच वेळ मला खाली बसता आलं नाही.

सातवा सामना २० ऑक्टोबरच्या संध्याकाळी. कोल्हापुरात तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची पहाट. बाबांनी फोन चालूच ठेवला होता. सातव्या इनिंगपर्यंत आम्ही ३-१ पुढे होतो, वर्ल्ड सिरीजसाठी आठ जणांना बाद करायचं उरलं होतं, आणि टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला. ४-३. संपलं. बाबांनी विचारलं, "उद्या पुन्हा नाही ना?" मी म्हटलं, "नाही बाबा. आता मार्चमध्ये."

६३-२४च्या संघाला जिथवर पोचता आलं नाही, तिथवर ५१-४५चा संघ पोचला होता. तरी तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला संघ अजून आमचाच आहे, आणि हे मला लागतं. पण २०२५च्या जुलैचा निर्णय बरोबर होता. स्प्रिंगरच्या एका फटक्याने तो चूक ठरत नाही, जसा २०२३चा निर्णय फक्त एका सामन्याने हुकलं म्हणून बरोबर ठरत नाही. पाच सामने मागे असलेल्या संघाने आपल्या खेळाडूंच्या पाठीशी उभं राहायचं असतं. नेलरचा करार त्या हंगामापुरताच होता. नोव्हेंबरमध्ये मरिनर्सनी त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करार केला.