तालमीचे दार कोणासाठी उघडे?

कोल्हापुरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने संध्याकाळी सहा ते आठ या वेळात कुठे जायचे? आज बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर एकच असते: क्लासला. गणिताचा, इंग्रजीचा, अबॅकसचा, कराटेचा, नृत्याचा. सुट्टी लागली की वर शिबिरे. फी परवडते त्याची संध्याकाळ भरते, परवडत नाही त्याची मोबाईलवर किंवा कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर जाते. याच शहरात वाढलेला आणि पेठेतल्या मुलांकडे बरीच वर्षे पाहत आलेला माणूस म्हणून माझे म्हणणे असे की, ही उणीव आपण चुकीच्या जागी भरून काढतो आहोत. मुलांसाठी नवे काही विकत आणण्याआधी पेठापेठांतून पिढ्यान् पिढ्या उभ्या असलेल्या एका व्यवस्थेचे दार नीट उघडायला हवे. ती व्यवस्था म्हणजे तालीम.

बाहेरच्या माणसाला तालीम म्हटले की लाल माती आणि लंगोट लावलेले मल्ल एवढेच आठवते, आणि त्यात चूकही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे देशभर गेली. पण शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांतल्या कितीतरी तालमींच्या हौद्यात आज रोज कुस्ती होत नाही, तरी त्या तालमी जिवंत आहेत. फुटबॉलचा संघ त्यांचा, गणपती त्यांचा, अनेक ठिकाणी त्याच छपराखाली मोहरमचे पंजेही बसतात. शिवजयंतीची मिरवणूक त्यांची आणि पेठेत कुणाच्या घरी मयत झाली तर धावून जाणारी माणसेही त्यांचीच. २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा तालमी-मंडळांची पोरे कुणाच्या आदेशाची वाट पाहत बसली नव्हती. म्हणजे तालीम ही मुळात वस्तीने आपल्या तरुणांना धरून ठेवण्याची जागा आहे. कुस्ती हे त्याचे एक निमित्त होते, फुटबॉल हे दुसरे.

फुटबॉलचाच पुरावा घ्या. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर हजारो लोक जमतात. क्रिकेटने झपाटलेल्या महाराष्ट्रात एका शहराने फुटबॉल असा पिढ्यान् पिढ्या जपला, तो पेठेच्या अभिमानावर. मुलाला यात काय मिळते ते नीट पाहावे. त्याला घरापासून चालत जाता येते. कुणी सोडायला-आणायला लागत नाही. फी नसते. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे तिथे दहा वर्षांचे पोर, सतरा वर्षांचा खेळाडू, तिशीतला माजी गोलकीपर आणि साठीतले वस्ताद एकाच कट्ट्यावर बसतात. क्लासमध्ये मुले वयाप्रमाणे वेगळी केली जातात आणि तास संपला की शिक्षकाचा आणि मुलाचा संबंध संपतो. तालमीत मोठ्याचे लहानावर लक्ष असते, कारण ते पोर कुणाचे हे त्याला माहीत असते. किशोरवयात मूल आईबापांचे ऐकेनासे होते, तेव्हा ज्याचे ते ऐकेल असा घराबाहेरचा, पण ओळखीतला मोठा माणूस लागतो. तो फी भरून मिळत नाही.

यावर लगेच आक्षेप येतो की नावारूपाला आलेली मुले तालमीतून नव्हे, रीतसर प्रशिक्षणातून घडतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हे दोघेही शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले. मला हे मान्यच आहे. पदक घडवायला तज्ज्ञ प्रशिक्षक, आहार आणि साधने लागतात. ते काम प्रबोधिनीने करावे. पण प्रबोधिनीत जाणारी मुले किती, आणि न जाणारी किती? मी बोलतो आहे ते कधीच पदक न मिळवणाऱ्या मुलांबद्दल. त्यांच्याही संध्याकाळी कुणीतरी वाटून घ्यायला हव्यात. शिवाय पदकांच्या मागेही इथे वस्ती उभी राहिलेली आहे. मल्ल खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिकसाठी गेले तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा पैशावर आले.

दुसरा आक्षेप मी सुशिक्षित पालकांकडून वारंवार ऐकतो: फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही. कोल्हापूरचाच अनुभव याच्या उलट आहे. जरगनगरच्या महापालिका शाळेत पाल्याला प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याला रांगा लावतात. त्यात खासगी शाळेची फी सहज भरू शकणारेही असतात. चित्रकार मिलिंद यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेली ‘चिल्लर पार्टी’ ही विद्यार्थी चित्रपट चळवळ महिन्यातल्या एका रविवारी शाहू स्मारक भवनात मुलांना जगभरातले उत्तम बालचित्रपट मोफत दाखवते, आणि महापालिकेच्या शाळेतली मुले तिथे इराणचा किंवा जपानचा सिनेमा मन लावून पाहतात. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात हे घडावे याचा मला विशेष आनंद आहे. किंमत राहत नाही ती हलगर्जीपणे चालवलेल्या गोष्टीची, मग ती फुकट असो की महाग. ‘चिल्लर पार्टी’ टिकली ती ठरलेला दिवस आणि ठरलेली जागा कार्यकर्त्यांनी सोडली नाही म्हणून.

हा विचार केवळ आपल्या शहराच्या प्रेमापोटी केलेला नाही, हे सांगण्यासाठी एक दूरचा दाखला देतो. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी आदल्या महिन्यात दारूची नशा केल्याचे सांगितले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तिथे मुलांना नुसती व्याख्याने दिली नाहीत. वस्तीवस्तीतल्या क्रीडा मंडळांना आणि कला-संगीताच्या उपक्रमांना सार्वजनिक पैसा दिला, रेक्याविक शहराने प्रत्येक मुलामागे उपक्रमांसाठी वार्षिक अनुदान ठेवले, आणि पालक संध्याकाळी गटागटाने वस्तीत फेरी मारू लागले. त्या छोट्या, श्रीमंत देशाची सगळी गणिते इथे लागू होणार नाहीत. पण मुलांना सांभाळण्याचे काम त्यांनी वस्तीकडे सोपवले, आणि वस्ती म्हणून काम करणारी संस्था आपल्याकडे आधीपासून आहे. त्यांना ती बऱ्याच अंशी बांधावी लागली.

आता खरा कठीण आक्षेप. तालमींतून काय चालते ते आम्हाला माहीत आहे, असे लोक म्हणतात. मैदानावर प्रेक्षकांच्या हाणामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात. निवडणूक आली की तालीम कुणाच्या तरी दावणीला बांधली जाते. हे सगळे खरे आहे आणि त्याने मला मनापासून दुःख होते. ७ जून २०२३ ला समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून धार्मिक तणाव होऊन कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. एकाच मांडवात गणपती आणि पंजे बसवणाऱ्या शहराला ते फार लागले. नुसत्या तालमी असून भागत नाही, याचा तो पुरावा आहे. पण त्यातून तालमीपासून मुलांना दूर ठेवावे असा निष्कर्ष निघत नाही. ज्या तालमीत वर्षाचे अकरा महिने संध्याकाळी काहीच घडत नाही आणि फक्त सणाला व सामन्याला गर्दी होते, तिथे पोराला ‘आपली पेठ’ म्हणजे ‘समोरच्या पेठेविरुद्ध’ एवढेच कळते. रोजच्या कामाने आपलेपणा मुरतो. नुसत्या उत्सवाने तो ऊतू जातो. तालमीत रोज संध्याकाळी वाचन, बुद्धिबळ, अभ्यासिका, लेझीम, लाठी, प्रथमोपचार असे काही नियमित सुरू राहिले, तर तिथल्या वस्तादाचा शब्द चालतो, आणि मिरवणुकीतल्या टारगटपणाला आवर घालायला पोलिसांआधी तोच उभा राहतो.

आणि मुली? या प्रश्नावर तालमीच्या कोणत्याही समर्थकाने घाईने पुढे जाऊ नये. पिढ्यान् पिढ्या तालीम ही मुलांची आणि पुरुषांची जागा होती. पेठेतल्या मुलीला तिच्या उंबऱ्याशी प्रसादापुरतेच काम असे. वस्तीची जागा म्हणायचे आणि निम्मी वस्ती बाहेर ठेवायची, हे आता चालू देता कामा नये. सुदैवाने परंपरेतच वाट आहे. मर्दानी खेळांच्या आखाड्यांतून आज मुली मोठ्या संख्येने लाठी, पट्टा, तलवार चालवतात. ताराराणींच्या करवीरात त्यांना कुणी अडवले नाही, उलट पेठ त्या खेळांना अभिमानाने गर्दी करते. एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला. नेमबाजीत तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवले, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. त्यांच्या फलकांनी आपण चौक सजवले. कौतुकाला आपण कधी कमी पडलो नाही. कमी पडते ती रोजची जागा: मुलींसाठी राखलेला वेळ, स्वच्छ स्वच्छतागृह, कपडे बदलायला खोली, शिकवायला बाई, आणि तालमीच्या कार्यकारिणीत महिला. यातले शेवटचे झाल्याशिवाय बाकीचे टिकत नाही. जिथे निर्णय घेणाऱ्यांत एकही स्त्री नाही, तिथे मुलींचा तास पहिल्याच अडचणीला रद्द होतो.

याच्याशीच जोडलेला सुरक्षिततेचा मुद्दा आहे. क्लासवाला निदान पैसे घेतो म्हणून जबाबदार असतो, तालमीत काही झाले तर विचारायचे कुणाला, असे एखादी आई म्हणते तेव्हा ती बरोबर आहे. ओळखीच्या माणसावरचा विश्वास पुरेसा नाही. लहान मुलांना इजा करणारे अनेकदा ओळखीचेच असतात. म्हणून लहान मुले असतील तेव्हा किमान दोन प्रौढ हजर, त्यांतली एक बाई, आल्या-गेल्याची नोंद, व्यसनाला उंबऱ्याच्या आत बंदी, तक्रार ऐकायला पालकांतून निवडलेली माणसे. महापालिकेने तालमींना निधी द्यावा तो या अटींवर. आजवर निधी बांधकामाला मिळतो, स्लॅब पडतो, कोनशिलेवर नाव येते; संध्याकाळी दोन तास बसणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी मात्र पैसा सहसा निघत नाही. मला विचाराल तर पुढची काही वर्षे एकही नवी इमारत बांधू नये आणि तो पैसा माणसांवर खर्च करावा.

पेठांचे हे असे जमेल. उपनगरांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो सोपा नाही. आर. के. नगर, कळंबा, पाचगावच्या बाजूला वाढलेल्या वसाहतींना पेठेसारख्या तालमींचा वारसा नाही, शेजाऱ्याची ओळखही जेमतेम. तिथली मुले क्लासवर आणि मोबाईलवर सर्वांत जास्त अवलंबून आहेत. पण तिथे शाळा आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आवश्यक केले, आणि पाच-साडेपाचला ते मैदान कुलपात जाते. वसाहतीचा ले-आउट मंजूर होताना खुली जागाही सोडावी लागते. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करवली, तेव्हा त्यांनी जागा आणि मदत दिली आणि चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजाच्या माणसांवर टाकली. तोच व्यवहार इथे करता येईल: शाळेचे मैदान महापालिकेने किंवा जिल्हा परिषदेने संध्याकाळी सहा ते आठ उघडून द्यावे, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे न ठेवता वसाहतीतल्या पालकांच्या गटाकडे द्यावी. पहिले वर्षभर मुले कमी येतील, पालकांत भांडणे होतील, एखादा गट मध्येच सोडून देईल. तालमीही एका वर्षात उभ्या राहिल्या नव्हत्या.