भोपळ्याला पहिला घाव

ऑक्टोबर लागला की इथे न्यू जर्सीत किराणा दुकानांच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात. नव्याने आलेली मराठी मंडळी हमखास फसतात ती इथेच. तो गोल गरगरीत केशरी भोपळा बघून घारग्यांचे बेत होतात, आणि घरी चिरला की हाती येतो पाणचट, दोरेदार गर. मंडळी, हा भोपळा खायचा नव्हेच! यातला हाउडन नावाचा वाण मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने १९६०च्या दशकात तयार केला, आणि तो हॅलोविनला कोरण्यासाठीच प्रसिद्ध आहे. घारग्यांना आपला छोटा पाय पम्पकिन किंवा जपानी काबोचा घ्यावा.

कोरायची ही रीत मूळची आयर्लंडची. तिथे सलगम कोरत. आयरिश लोक अमेरिकेत आले आणि त्यांना हे मोठं, आतून पोकळ फळ आयतंच सापडलं. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या एका जुन्या कोरीव सलगमाची प्रतिकृती आहे. तिचा फोटो जरूर बघा. त्यापुढे आमच्या शेजाऱ्यांचे दात विचकणारे भोपळे अगदी गोजिरवाणे वाटतात :-)

आमच्याकडेही सुरुवातीला तेच डोळे-नाक-दात होते. मग लेकीला कंटाळा आला. २०२३ मध्ये तिने जाहीर केलं, की यंदा वारली करायचं. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात धरून नाचणाऱ्यांची गोल गोल वळत जाणारी रांग. त्या वर्षी आई पुण्याहून आली होती. बाबा २०२१ मध्ये गेले, त्यानंतरची तिची ही पहिलीच फेरी.

कोजागिरी शनिवारी झाली आणि रविवारी सकाळी आम्ही जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून बसलो. लेकीने करवत उचलली तशी आई म्हणाली, "थांब गं. बाबाला येऊ दे. त्याने नुसती सुरी लावली तरी पुरे."

हे आमच्या घरातलं जुनं शास्त्र. अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग पुढचं बायकांनी चिरायचं. कोहळा बळीच्या जागी असतो आणि भोपळा त्याचा भाऊ, असं काहीसं कारण आजी सांगायची. लहानपणी बाबा ऑफिसला गेलेले असले तर शेजारच्या सात-आठ वर्षांच्या मुलालाही बोलावलेलं मी पाहिलंय. तो ऐटीत यायचा, सुरी टेकवायचा आणि गूळ-खोबरं खाऊन जायचा.

नवरा नेमका बाजारात गेला होता. लेकीने विचारलं, "मग आता आजोबा नाहीत तर तू पुण्यात काय करतेस?"

"फोडी आणते," आई म्हणाली.

दोन वर्षं ती भाजीवाल्याकडून पावशेराची कापलेली फोडच आणत होती. एकटीला अख्खा संपत नाही, असं मला फोनवर सांगायची.

लेक करवत हातात धरून तशीच बसली. मीही काही बोलले नाही. थोड्या वेळाने आईच म्हणाली, "दे इकडे," आणि भोपळा उलटा करून तिने बुडाला करवत घातली. (झाकण वरून कापण्यापेक्षा बुडाला भोक पाडावं. देठ शाबूत राहतो आणि दिवा खाली ठेवून वरून भोपळा अलगद बसवता येतो.)

पुढचं काम किचकट. आतला गर आणि बिया काढून, समोरची भिंत डावाने खरवडत इंचभर जाड ठेवायची. चित्राचा कागद चिकटवून रेघांवर टाचणीने टिंबं पाडायची. ते काम आईने घेतलं. ठिपक्यांच्या रांगोळीत हयात गेलेली ती, एक टिंब इकडचं तिकडे नाही. मग मधलं बारीक आधी कोरायचं आणि मोठे तुकडे शेवटी काढायचे, कारण जसजसं कापाल तसतशी भिंत कमकुवत होते. माणसांची डोकी आम्ही ड्रिलने पाडली.

अडलं ते हातांपाशी. सगळ्यांचे हात आरपार कापून जोडले असते, तर मधला तारपेवाला एका लोंबत्या जिभेवर उरला असता आणि गळून पडला असता. हात सोडवावेत तर तो नाच कसला? शेवटी लेकीने हातांची फक्त साल सोलली, आत जाऊ दिलं नाही. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा अंगं लख्ख पिवळी आणि हात मंद, मधासारखे दिसले. मला तर मूळ चित्रापेक्षा हेच जास्त आवडलं. दिवा बॅटरीचा बरं का. मेणबत्तीने भोपळा आतून शिजतो.

कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोपडलं, तरी असा भोपळा चार-पाच दिवसांचाच सोबती. मंगळवारी ३१ तारखेला पोरं चॉकलेटं मागत आली तेव्हा आई पायरीवर खुर्ची टाकून बसली होती. शुक्रवारी खारींनी तारपा खाल्ला. रविवारी बुरशी आली आणि आम्ही तो परसातल्या खतात टाकला. बिया तेवढ्या आधीच तिखट-मीठ लावून ओव्हनमध्ये भाजून संपल्या होत्या.

डिसेंबरात पुण्याला परतल्यावर आईचा फोन आला. घारगे केले होते म्हणे. मंडईत छोटासा भोपळा मिळाला, अख्खा. कुणी कापला ते मी विचारलं नाही.