सिंगारदानाचे सांधे

मुलीला जहेजात काय दिलं याची चर्चा मोहल्ल्यात महिनाभर चालते. वारशात काय दिलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

अम्मीला तिच्या मोमिनपुऱ्यातल्या माहेराहून सिंगारदान मिळालं. सागवानी, मधोमध आरसा, दोन्ही बाजूंना तीन-तीन खण. नानांच्या पश्चात मामूंनी हक्कसोडपत्र पुढे केलं. “आपा, तुम्हाला दिलंच आहे की!” माहेरचं दार उघडं राहावं म्हणून अम्मीने सही केली.

सिंगारदान डुगडुगायला लागलं तेव्हा भाईजान म्हणाले, भंगारात द्या. मी मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, “लाकूड शाबूत आहे बाई, सांधे गेलेत.” मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, लाकूड आकसतं, पावसाळ्यात तेच फुगतं. अशी वर्षं गेली की खोबणीत बसलेलं टोक सैल होतं. मध्ये कोणीतरी खिळे ठोकले होते. ते गंजले आणि लाकडाला हलायला जागा न राहिल्याने फळ्या चिरल्या.

मिस्त्रींनी खिळे उपटले. जुना सरस वाफेने मऊ केला, सांधे आपोआप सुटले. झिजलेल्या टोकांना सागाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या, रेषेला रेष जुळवून. मग पटाशीने तासत तासत टोक हाताच्या दाबाने खोबणीत जाईल एवढंच ठेवलं. शेवटी लाखेचं पॉलिश.

अम्मी जवळ बसून पाहत होती. मी तिला म्हटलं, “हे तर नानांनी खुशीने दिलेलं. तुझा हिस्सा वेगळा होता.” सूरह निसाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, भावाच्या निम्मा. बापाने हयातीत दिलेली भेट त्यातून वजा होत नाही. 1937 च्या शरीअत कायद्याने बायकांना डावलणारा रिवाज बाजूला सारला, पण शेतजमीन वगळली. आणि जिथे कायदा पोहोचला, तिथे हक्कसोडपत्रही पोहोचलं. आमच्या हिंदू मैत्रिणींच्या घरीही तोच कागद असतो.

आता अब्बांच्या घराची वाटणी आहे. भाईजान वाईट नाहीत. त्यांनी रिवाजाप्रमाणे कागद तयार करून आणला. मी सही केली नाही. सहीवर टिकणारं नातं खिळ्यावर टिकणाऱ्या फळीसारखंच, आतून चिरत जातं.

भाईजान न बोलता निघून गेले. अम्मीने तो कागद उचलला, घडी घातली आणि म्हणाली, “मीही तेव्हा असंच म्हणायला हवं होतं.”